पी०४२० आला म्हणून डबा कापू नका

अंबियाची संत्री निघाली की वरुड-मोर्शीकडच्या पिकअप दिवसरात्र पळतात, आणि मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४२० आला, म्हणजे कॅट-कॉन मेला. कापा, सरळ पाइप टाका. दिवा जातो, एव्हरेज वाढतो, जाळी विकून पैसेही येतात.’ पी०४२० हा गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड. कॅट-कॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा; जाळी म्हणजे त्याच्या आतली सिरॅमिकची जाळी. या गाड्यांखाली माझा रोजचा दिवस जातो, म्हणून लिहितो.

‘कॅट-कॉन मेला’ असं हा कोड सांगतच नाही. कॅट-कॉनच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक. पेट्रोल-सीएनजी गाडी गरम असताना बहुतेक ठिकाणी पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट सारखा वरखाली नाचतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसतो. मागचाही नाचायला लागला की पी०४२० पडतो. तो का नाचतो, हे आपणच शोधायचं असतं.

मागच्या हंगामात एक शेतकरी गाडी घेऊन आला. "कापूनच टाका ना जी, लय लोकं कापतेत." मी म्हटलं, दादा, रातभर गाडी इथंच ठेवा. सकाळी थंड इंजिन सुरू केलं, सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबलं आणि खाली कान लावला. कॅट-कॉन आणि मागचा सेन्सर यांच्या मधल्या जोडातून फुस्स-फुस्स येत होतं. टॉर्च मारला तर तिथं बोटभर काळा डाग. गॅस्केट, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारी चकती, फुटली होती. तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सर फसायचा. गॅस्केट बदलली, कोड पुसला, तो परत आला नाही. गाडी गरम झाल्यावर हा आवाज दबतो, म्हणून दुपारी पाहिलं असतं तर सापडला नसता.

‘दिवा जातो’ म्हणतात. कसा जाईल? डबाच नसेल तर दोन्ही सेन्सरना एकच कच्चा धूर दिसणार. कोड पक्का होतो.

एव्हरेजचंही तसंच. जाळी चोक झाली असेल तर गाडी ओढत नाही हे खरं, पण तेव्हा डबा बदलायचा असतो. आणि चोक झाली कशानं? बहुतेकदा मिसिंगमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्यामुळे. प्लग किंवा कॉइल खराब असली की न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन जळतं आणि सिरॅमिक वितळतं. पी०३०० ते पी०३०४ यांपैकी मिसिंगचा कोड सोबत असेल तर आधी तोच सोडवा. तो तसाच ठेवला तर नवा डबाही जाईल.

जाळीचे पैसे मात्र खरे आहेत. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. ते कोणाच्या खिशात जातात ते कापून घेण्याआधी विचारा. शिवाय कंपनीच्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही.

दिवा नुसता लागला असेल तर माल पोचवून गाडी दाखवायला आणा. लुकलुकत असेल तर मिसिंग जोरात आहे, जाळी तापते आहे. तेव्हा गाडी बाजूला घ्या, संत्री दुसऱ्या गाडीत चढवा.