दुकान काकांचं, कारभार एक्सेलचा

इंदूरच्या सियागंजात आमच्या काकांचं मसाल्याचं होलसेल दुकान आहे, म्हणजे पाटीवर नाव काकांचं पण खरी मालकीण एक एक्सेल फाईल. नाव "उधारी नवी फायनल खरी". तिच्याआधीची "उधारी फायनल" पण आहे, ती डिलीट करायची नाही, का नाही ते कोणालाच आठवत नाही, पण करायची नाही.

"तू कॉमर्सवाला ना, जरा बघत जा" म्हणून मला संध्याकाळी तिथे बसवतात. पिवळा सेल म्हणजे उधारी. गडद पिवळा म्हणजे उधारी, पण माणूस घरचा. केशरी म्हणजे फोन उचलत नाही. आता बेरजेच्या फॉर्म्युल्याला रंग कळत नाहीत हे सांगायला गेलो तर काका म्हणाले, "अरे, डोळ्यांना दिसतंय की!"

रॅक नंबर ५-१० टाकला की एक्सेल त्याचा ५ ऑक्टोबर करतं. गडी पण आता "भिया, जिरं ऑक्टोबरमधे आहे" असंच सांगतो. हसू नका, माणसाच्या काही जीन्सची, म्हणजे जनुकांची, नावं 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, शेवटी २०२० मधे शास्त्रज्ञांनी जीन्सचीच नावं बदलली. तिथे आमच्या जिऱ्याची काय कथा.

कहर केला तो सीएकडच्या पोराने. नावं ए टू झेड लावली, फक्त नावं. बाजूचे कॉलम पण हलवू का, असं एक्सेलनं बिचाऱ्यानं विचारलं असणार, पण तो डबा वाचतो कोण! फाईल सेव्ह, बंद, पोरगं घरी. दुसऱ्या दिवशी मी वसुलीचे फोन लावतोय तर एका देवळाचे पुजारी म्हणे, "अहो, एवढी लवंग आम्ही दहा वर्षांत उधळली नाही." आणि महूचा हलवाई, वर्षभर केशरी असलेला, त्याच्या नावापुढे चाळीस रुपये दिसले ते त्याने फोन चालू असतानाच पाठवले, वर मेसेज, "हिशेब क्लिअर, जय श्रीराम."

फाईल अजून जुन्या फॉरमॅटमधे आहे, त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. याच भानगडीत २०२० मधे इंग्लंडच्या आरोग्य खात्याकडून जवळपास १६ हजार कोविड केसेस यादीबाहेर राहिल्या होत्या, हे मी काकांना घाबरवायला सांगितलं. काका खूश! "म्हणजे तिकडे पण एक्सेलच?"

मग मीच एका सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. त्याने स्टॉक, बिलं, जीएसटी, सगळं झकास दाखवलं. काकांनी चष्मा वर करून विचारलं, "यात केशरी कसं करायचं?"

"केशरी कशाला, सर?"

काका माझ्याकडे वळले. "याला धंदा कळत नाही रे. चहा पाज आणि सोड."