फॉरमॅट मारून एसएसडी बरी होत नाही

"एसएसडीवर सेव्ह केलेल्या फाइल रीस्टार्टनंतर गायब होतात? व्हायरस आहे. फॉरमॅट मारून विंडोज परत टाका. नाहीतर चेकडिस्क आणि डीफ्रॅग करा. यूपीएस लावा, वीज गेली की एसएसडीतला डेटा जातो." एसएसडीबद्दलचा, म्हणजे फ्लॅश मेमरीच्या चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हबद्दलचा, हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यावर विसंबून लोक जो डेटा सहज वाचला असता तोही घालवून बसतात, म्हणून त्यातला एकेक सल्ला तपासायलाच हवा.

आधी व्हायरस. व्हायरस फाइल उडवेल, कुलूपबंद करेल. पण तुम्ही काल डिलीट केलेला फोल्डर तो परत आणून ठेवणार नाही. इथे नेमकं तेच होत असतं. नीट बघा: नवी फाइल नाहीशी, डिलीट केलेला फोल्डर जागच्या जागी, नाव बदललेली फाइल जुन्या नावाने हजर. अख्खी ड्राइव्ह एका तारखेला अडकलेली असते. म्हणजे तिने लिहून घेणंच थांबवलंय. फ्लॅश मेमरी झिजली किंवा फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं, तिला चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडलं की अनेक ड्राइव्ह फक्त वाचू देतात. काही सरळ एरर देतात. काही मात्र 'लिहिलं' असं कळवतात आणि लिहीत नाहीत. तरी रीस्टार्टपर्यंत फाइल दिसते, कारण विंडोज ती रॅममधून दाखवत असतं.

फॉरमॅटचा सल्ला सगळ्यात घातक. लिहिणं पूर्ण बंद पडलेल्या ड्राइव्हवर फॉरमॅट 'यशस्वी' होऊ शकतो, ड्राइव्ह रिकामी दिसते, आणि रीस्टार्ट केलं की सगळ्या फाइल परत! हे दिसलं तर निदान झालंच. पण ड्राइव्ह अजून थोडंफार लिहून घेत असेल, तर विंडोज फॉरमॅट करताना 'ही सगळी जागा मोकळी' असा ट्रिम आदेश पाठवतं. मग रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती बहुधा नुसती शून्यं लागतात.

चेकडिस्क फाइल सिस्टिमची दुरुस्ती लिहूनच करतं. लिहिलेलं टिकतच नसेल तर प्रत्येक रीस्टार्टला त्याच चुका पुन्हा सापडणार. डीफ्रॅग फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र आणतं, त्याचा तर इथे संबंधच नाही.

वीज गेल्यावर विसरते ती रॅम. फ्लॅशमध्ये विद्युतभार पेशीत अडकून राहतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने ठरलेलं लेखन पूर्ण करून झिजल्यावरही, वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला १ वर्ष डेटा टिकवायला हवा. अचानक वीज गेली तर शेवटच्या काही क्षणांचं काम जाऊ शकतं. त्यासाठी यूपीएस जरूर घ्या. पण नेहमीच्या रीस्टार्टआधी विंडोज कॅशमधलं, म्हणजे रॅममध्ये लिहायचं बाकी असलेलं, सगळं ड्राइव्हवर उतरवून घेतं.

"हेल्थ १०० टक्के दिसते, म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत" हे उत्तरही याच मेसेजखाली हमखास येतं. ड्राइव्ह तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधला तो आकडा मुख्यतः झीज सांगतो, फर्मवेअरचा दोष त्यात दिसत नाही. सॅमसंगच्या ९८० प्रो मालिकेत एका फर्मवेअरमुळे ड्राइव्ह अकाली लिहिणं बंद करत होत्या. नवं फर्मवेअर आलं, पण आधीच अडकलेल्या ड्राइव्ह त्याने सुटत नाहीत. त्याच सॉफ्टवेअरमध्ये क्रिटिकल वॉर्निंग (गंभीर इशारा), अव्हेलेबल स्पेअर (उरलेली राखीव जागा) आणि मीडिया एरर (वाचता न आलेल्या डेटाच्या चुका) हे आकडे बघा.

ड्राइव्हचा दोष नसतानाही असं होतं. विंडोजने तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगिन केलं असेल तर डेस्कटॉपवरचं सगळं जातं. कॉलेजच्या लॅबमध्ये डीप फ्रीझ, म्हणजे दर रीस्टार्टला मशीन आधीच्या स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर, मुद्दाम बसवलेलं असतं. विंडोजसोबत लिनक्स असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिलेलं जाऊ शकतं.

यातलं काही नसेल, तर पहिलं काम एकच: हवं ते सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. वाचता येतंय तोवर ही संधी आहे. मग ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला जोडा, एक मोठी फाइल टाका, इजेक्ट करून काढा, परत जोडा. फाइल नसेल तर ड्राइव्ह बदलायची.

वॉरंटीत देताना मात्र थांबा. अशी ड्राइव्ह सहसा पुसता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू नव्हतं तर आधारचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स, घरचे फोटो सगळं तिच्यासोबत जातं. तसलं काही असेल तर नव्या ड्राइव्हचे पैसे सोसा आणि जुन्या ड्राइव्हच्या आतल्या मेमरी चिप फोडून टाका.