तुमच्या अमारोने वाइनच्या ग्लासबद्दल

नमस्कार,

'15 युरोंचा ग्लास, तोही अर्धा रिकामा. चव कडू काढ्याची, घशात आग, आणि परमुलखात आपल्याच माणसाकडून फसवणूक,' असं लिहून तुम्ही आमच्या रेस्टॉरंटला दोन तारे दिलेत. फसवणूक हा शब्द फार लागला. पण तुमचं बिल काढून पाहिलं, त्या संध्याकाळी वाढायला कोण होतं तेही विचारलं. आमच्या चुका आधी सांगते.

इथे इटलीत, वेरोनात त्या दिवशी अंगाची काहिली होत होती आणि अमारोनेची, म्हणजे इथल्या कडक लाल वाइनची, उघडी बाटली काउंटरवरच राहिली होती. ही वाइन 18 अंशांच्या आसपास द्यायची असते. गरम झाली की फळाची चव मागे पडते आणि अल्कोहोल थेट घशाशी येतं. त्या बाटलीत ते 16 टक्के होतं. त्यात तुम्ही बिगोलीवर, म्हणजे त्या जाड शेवयांसारख्या पास्त्यावर, सुकी मिरची मागून घेतलीत. तिखटावर एवढी कडक वाइन घेतली की जाळ दुप्पट होतो. आमच्या वेटरने तेव्हाच सांगायला हवं होतं, तो गप्प बसला. ग्लास मोठा असतो तो वास फिरायला जागा मिळावी म्हणून. माप 100 मिलीच होतं, पण मेन्यूत लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलं आहे.

कडूपणाबाबत मात्र मी या वाइनची बाजू घेणार. अमारो म्हणजेच कडू. हिची आई रेचोतो, ती गोड. रेचोतोतली सगळी साखर आंबून गेली की उरते ती अमारोने. मी तासगावची, बेदाण्याच्या शेडमध्ये लहानाची मोठी झाले. इथे वालपोलिचेल्लाच्या टेकड्यांवर पहिल्यांदा माळ्यावर पसरलेली कोर्विना द्राक्षं पाहिली, तेव्हा तो वास ओळखीचा वाटून डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे द्राक्षाचा पुरता बेदाणा करतात. इथे थंडीत तीन-चार महिने सुकवून, वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटलं की चिरडून आंबवतात. म्हणून एका बाटलीला खूप द्राक्षं लागतात. त्यानंतरही किमान दोन वर्षं ती मुरवावीच लागते, असा नियम आहे. 15 युरो त्याचे आहेत. सुकी चेरी, मनुका, कोको, शेवटी बदामाच्या सालीसारखा कडवटपणा: हे सगळं त्या ग्लासात होतं, आम्ही ते तुमच्यापर्यंत नीट पोचू दिलं नाही.

हिला सोबत लागते चरबीची, खारटाची, सावकाश शिजलेल्या पदार्थाची. इथली माणसं हिच्यात तासन् तास शिजवलेलं मांस खातात, नाहीतर पेआरा, म्हणजे पावाचा चुरा, हाडातला मगज आणि भरपूर काळी मिरी घालून केलेली दाट चटणी, उकडलेल्या मांसाबरोबर. तुम्ही शाकाहारी आहात, तर अमारोनेतच शिजवलेला रिसोत्तो, म्हणजे इथला मऊसर भात, घ्या. तांदूळ जवळच्या इसोला देल्ला स्काला गावचा, व्यालोने नानो जातीचा, आणि रस्सा आम्ही भाज्यांचाच वापरतो. त्याहून सोपं म्हणजे जुनं, मुरलेलं मोंते वेरोनेसे चीज. नुसता तुकडा तोंडात ठेवून वर घोटभर वाइन घ्या, तुरटपणा तिथेच मऊ पडतो.

रविवारपर्यंत गार्दा सरोवराला आहात असं तुम्ही लिहिलंय. पैसे परत हवे असतील तर लगेच देते. पण त्याआधी एकदा दुपारी तीननंतर, गर्दी ओसरल्यावर या. बाटली तुमच्यासमोर उघडीन, आणि चीज मी स्वतः कापून आणीन.