दहाचा ठोका आणि दहा लक्स

गणपती जवळ आले की ठाण्यात दोन तट पडतात. एकाला रात्री दहाची मर्यादा म्हणजे सणावर घाला वाटतो, दुसऱ्याला डीजेच जप्त झालेला हवा असतो. वागळे इस्टेटच्या गाळ्यात ड्रम बडवणारी आणि वाशीच्या जॅम रूममध्ये रॅप घासणारी पोरं यातल्या कुठल्याच तटात नाहीत. सणासुदीला सरकार वर्षातले 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. पन्नास माणसांच्या मेटल गिगला, म्हणजे छोट्या बँडच्या कार्यक्रमाला, ती कोण देणार?

टोकियोत बसून 'इथे बघा किती मोकळीक' असं लिहिणं सोपं आहे, पण खोटं आहे. जपानच्या 1948च्या कायद्याने नाचालाच परवान्यात बांधलं होतं. मध्यरात्रीनंतर, काही भागांत एकनंतर, नाच बंद. क्लबांत 'नाचू नये' अशा पाट्या लागत (हसू नका, आपल्याकडे 'थुंकू नये' असतंच). एप्रिल 2012मध्ये ओसाकाच्या 'नून' क्लबवर छापा पडला. मालक 2014मध्ये निर्दोष सुटला, कायदा बदला म्हणून दीड लाखांहून जास्त सह्या जमल्या आणि सुधारणा जून 2016पासून लागू झाली. आता परवाना असेल तर रात्रभर नाचा, पण उजेड 10 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर हवा, साधारण सिनेमाच्या मध्यंतराइतका. नाच सुटला, अंधार अडकला.

तळघरातली छोटी लाइव्ह हाउसं, म्हणजे बँड वाजवतात ती ठिकाणं, मात्र वेगळ्या वाटेने टिकली. बहुतेकांकडे उपाहारगृहाचा परवाना असतो, म्हणून तिकिटावर 500-600 येनचं पेय घ्यावंच लागतं. कार्यक्रम सात वाजता सुरू, दहाच्या आसपास आटोपता. दर गिगसाठी पोलिसांकडे खेटे नाहीत. फुकट काहीच नाही म्हणा: 2000 येनची 20 तिकिटं खपवायची जबाबदारी बँडवर असेल आणि 12च गेली, तर उरलेले 16,000 येन बँडच्या खिशातून जातात. ही पद्धत आपल्याकडे आणू नये.

म्हणून माझ्या मते दहाचा नियम हा खरा शत्रू नाही. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री वस्तीत 45 डेसिबल आणि औद्योगिक भागात 70 अशी मर्यादा आहे, म्हणजे रबाळे किंवा महापे घोडबंदरच्या सोसायटीपेक्षा कितीतरी सोयीचं. घोळ होतो तो बेसमुळे, म्हणजे खालच्या सुरांच्या दणक्यामुळे. नेहमीचं मोजमाप ए-भारित असतं, म्हणजे खालचे सूर कानासारखेच कमी धरणारं, आणि 50 हर्ट्झच्या आसपास ते जवळपास 30 डेसिबल कमी दाखवतं. मीटर निवांत असतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीची काच थरथरते.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काही साधत नाही. खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, आवाज बाहेर जायचा तो जातोच, वर आगीची भीती. आवाज अडवायला वजन लागतं: नऊ इंची विटांची भिंत, आत सांधा न जोडलेली दुसरी भिंत, मध्ये रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर). भिंतीच्या एक टक्का भागात भोक राहिलं तर बाकी काहीही करा, अडवणूक 20 डेसिबलपुढे जात नाही. गाळ्याचं शटर म्हणजे असं भलंमोठं भोकच. त्यामागे दोन दारं आणि मध्ये बोळ हवा, एसीचा डक्ट आतून अस्तर लावून वळवलेला हवा, सबवूफर लादीवर नको, रबरावर तरंगत्या फळीवर. आणि तक्रार बऱ्याचदा आतल्या आवाजाची नसतेच. रात्री बाहेर सिगारेट ओढत गप्पा छाटणाऱ्या घोळक्याची असते.

स्टेडियमचे कार्यक्रम नेरुळला वेळ सांभाळून होतात, कारण आयोजकाकडे परवानग्यांमागे फिरायला माणसं असतात. छोट्या गिगवाल्याला तिकीट लावायचं तर पोलीस, सादरीकरणाचा परवाना, गाण्यांचे हक्क, अग्निशमन अशा सगळ्या दारांत एकट्यानेच उभं राहावं लागतं. ठाणे आणि नवी मुंबईच्या पालिकांनी पोलिसांसोबत बसून परवाना कार्यक्रमाऐवजी खोलीला द्यावा, वर्षभराचा, माणसांची मर्यादा दारावर लिहून. तपासणी रात्री व्हावी, बेस चालू ठेवून, शेजाऱ्याच्या खिडकीत, ए आणि सी (बेसही जवळपास पूर्ण मोजणारं) अशा दोन्ही मापांवर.