"ओढा आणि तोडा" म्हणणाऱ्या मालकांना उत्तर

मालक, काल रात्री तुमची कमेंट वाचली आणि खरं सांगतो, झोप लागली नाही. पाण्याखाली गुतलेला ल्युर, म्हणजे मासे धरायचं नकली आमिष, सोडवायच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या: ट्रेबल (तीन टोकांचा गळ) काढून सिंगल हुक लावला की मासे सुटतात, ल्युर सुटावा म्हणून वजनाला जुना स्पार्क प्लग दोरीवरून सोडला की दोरी खरवडते, आणि "दीडशे रुपयाच्या ल्युरपायी अर्धा तास काठावर नाचणं हे रिकामटेकड्यांचं काम, ओढा आणि तोडा."

मुद्दा मांडा की, ना नाही. पण रिकामटेकडा? ओळख ना पाळख, डायरेक्ट असं बोलतं का कोणी?

प्लगचं तुमचं बरोबर आहे. प्लग स्नॅपला (उघडझाप होणाऱ्या छोट्या कडीला) अडकवून तो स्नॅप दोरीवरून खाली सोडायचा, धातूची धार ब्रेडला, म्हणजे विणलेल्या दोरीला, लागू द्यायची नाही, हे मी लिहायला पाहिजे होतं, आजच घालतो. सिंगल हुकवर वाद घालत नाही, ज्याचा त्याचा अनुभव.

आता ओढा-तोडाचं बघू. मी २२ वर्षं सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर मासे धरायला जातोय, पहिल्यांदा गेलो तेव्हा वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून. तो तलाव १८७१ चा, तळाशी काय काय पडलंय कोण सांगणार. उजनीच्या काठाला तर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वेड्या बाभळी माजतात आणि पुन्हा पाणी चढलं की त्याच पाण्याखाली जातात, म्हणून मी मे महिन्यात नुसता फिरून जागा बघून ठेवतो. त्यालाही तुम्ही रिकामं फिरणंच म्हणणार का?

आणि झटका मारला की काय होतं माहितीय का, गळाचं टोक लाकडात आणखी खोल बसतं. तरंगणारा क्रँकबेट (पुढं जिभेसारखी पट्टी असलेला माशाच्या आकाराचा ल्युर) असेल तर बऱ्याचदा गळ नाही, नुसती पुढची जीभ अडकलेली असते, दोरी सैल सोडली की तो आपोआप वर येतो. नाही आला तर चालत पलीकडं जायचं, ज्या बाजूनं गुतला त्याच्या उलट बाजूनं ओढायचं. तेही नाही जमलं तर रॉड वाकवून दोरी धनुष्यासारखी ताणून पटकन सोडायची. ह्याला पाच मिनिटं लागतात, अर्धा तास नाही.

तोडायचीच वेळ आली तर मीही तोडतो. पण पुढं लीडर, म्हणजे ल्युरजवळचा दोरीचा तुकडा, मेन लाइनपेक्षा (मुख्य दोरीपेक्षा) कच्चा बांधलेला असतो, म्हणजे तुटलं तर ल्युरजवळच तुटतं. नाहीतर वीस-तीस मीटर दोरी पाण्यात राहते. तसल्याच दोरीत पाय गुतलेला बगळा मी स्वतः कात्रीनं सोडवलाय, एक पाय गेलाच होता त्याचा. जाळं ओढणारी माणसं अनवाणी उतरतात त्या पाण्यात मालक, म्हशी उतरतात.

आणि तोडताना दोरी हाताला गुंडाळून ओढू नका, काठीला गुंडाळा, रॉड सरळ ल्युरच्या दिशेनं धरा, तोंड फिरवा, चष्मा घाला. ब्रेडनं माझी दोन बोटं कापलीत, चार टाके पडले होते, व्रण अजून आहे. तेव्हा मीही ओढा आणि तोडाच म्हणत होतो.

तुमची कमेंट उडवणार नाही, तशीच राहू दे. फक्त तो रिकामटेकडा शब्द तेवढा मागं घ्या.