शेती सुटली की सोडायला लावली?
अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी शहरी नोकऱ्यांच्या ओढीने शेती सोडली, हे आपण छापलेल्या लेखातील विधान अपुरे वाटते. १९२० मध्ये तेथे सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. पुढे कृषी खात्याच्या स्थानिक यंत्रणेने त्यांचे कर्जाचे अर्ज रखडवले वा फेटाळले आणि त्याविरुद्धच्या पिगफोर्ड खटल्यात १९९९ साली सरकारला तडजोड करावी लागली, याचा लेखात साधा उल्लेखही नाही.

नागपूर जिल्ह्यातील आमच्या गावी बड्या घरांना पीककर्ज मृगाआधी मिळे. आम्हा बौद्ध वस्तीतल्यांचे मात्र, सातबारासह सारे कागद देऊनही, कपाशीची लागवड उलटल्यावर हाती येई आणि तोवर बियाणे चढ्या भावाने उधारीवर उचललेले असे. वडिलांची दोन एकर जमीन त्या उधारीतच विकली गेली. माझी नागपुरातील नोकरी त्यानंतरची आहे.