आत्याची चटणी आणि क्रिकेटचा चेंडू

परवा आत्याला घेऊन विमानानं मुंबईला निघालो. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, तिची हँडबॅग मशीनमधून गेली आणि तिथंच थांबली. आत दोन किलो चटणी, म्हणजे आमचं लाल तिखट. पेपरात गुंडाळलेली, वर कॅरीबॅगच्या तीन गाठी. "आजी, तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही," जवान म्हणाला.

"ओ साहेब, चटणी हाय ती, बाँब न्हवं!"

रांग गप्प. मी आधी आत्याला गप्प केलं, मग आपला कोल्हापुरी उपाय काढला : "सोडा की साहेब, घरचीच हाय. तुमचे ते मोठे साहेब आमचे पाहुणेच की." गडी ढिम्म हलला नाही. शेवटी पार्किंगमध्ये थांबलेल्या भावाला हाक मारून पिशवी परत दिली.

हे घरच्या ग्रुपवर टाकलं तर सगळे हसले. चटणीनं काय विमान पळवतात व्हय?

बाबांनो, २० डिसेंबर १९७८ ला लखनौहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान दोन पोरांनी वाराणसीला उतरवलं. हातात खेळण्यातलं पिस्तूल आणि क्रिकेटचा चेंडू. लोकांना तो हातबाँब वाटला, झालं काम! १९७१ साली लाहोरला नेलेल्या 'गंगा' विमानातही पिस्तूल आणि ग्रेनेड नकलीच होते. आमची चटणी तर अस्सल. बंद विमानात कुणाच्या डोळ्यांत गेली तर?

आणि १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानात पाचजण खरीखुरी हत्यारं घेऊन चढले आणि ते पळवलं. विमान अमृतसरला सुमारे पाऊण तास उभं होतं, तरी अडवता आलं नाही. पुढं अफगाणिस्तानातलं कंदाहार, आणि तीन अतिरेकी सोडून द्यावे लागले. एक प्रवासी जिवानिशी गेला. त्या दिवशी गेटवरच कुणी ढिम्म उभा राहिला असता तर, असं मला राहून राहून वाटतं.

२००१ च्या अमेरिकेतल्या विमानहल्ल्यांनंतर कॉकपिटची दारं भक्कम झाली, ती हवीतच. पण २०१५ साली जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या को-पायलटनं तेच दार आतून लावून घेतलं, कॅप्टन बाहेर राहिला, त्यानं मुद्दाम विमान डोंगरावर आपटलं आणि १५० माणसं गेली. दार कितीही जाड असो, आतला माणूस कोण हे दाराला कळत नाही.

म्हणून त्या जवानाचा मला राग नाही. राग आलाय तो माझाच. ओळख काढून रांगेतनं सुटायची सवय आपल्या हाडात मुरलीय, आणि त्याच फटीतनं एखादा भलताच माणूस आत जातो. जवानानं माझ्या 'मोठ्या साहेबां'चं नाव तरी विचारलं नाही, नाहीतर मला सांगताच आलं नसतं.

चटणी दोन दिवसांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला पोचली. आत्या अजून फुगलेलीच आहे.